वस्तुमानी टक्केवारीचं उत्तर जुळत नाहीये? आधी तुमच्या उत्तराला पुस्तकातल्या उत्तराने भागून बघा

सूत्र पाठ आहे, आकडे नीट उतरवून घेतलेत, कॅल्क्युलेटरही बरोबर चालतोय आणि तरी उत्तर जुळत नाही, मग तेच गणित परत करायचं आणि परत तेच चुकीचं उत्तर. द्रावणाच्या टक्केवारीच्या गणितात हे सतत होतं. आणि परत परत सोडवून काही उपयोग होत नाही, कारण चूक सहसा आकडेमोडीत नसतेच, कुठला आकडा कुठे बसवला त्यात असते आणि दुसऱ्यांदाही तुम्ही तो तिथेच बसवता. म्हणून गणित पुन्हा करायच्या आधी एक छोटं काम करा: तुमचं उत्तर भागिले अपेक्षित उत्तर. जो गुणोत्तराचा आकडा येतो त्यावरून चूक नेमकी कुठे झाली ते बऱ्याचदा लगेच सापडतं, कारण प्रत्येक प्रकारची चूक उत्तराला आपल्या ठराविक पद्धतीने वाढवते किंवा कमी करते.

आधी सूत्र एकदा समोर ठेवूया म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं तो द्रावक, दोघं मिळून द्रावण. टक्केवारी = द्राव्याचं वस्तुमान ÷ द्रावणाचं वस्तुमान × १००. वर ग्रॅम, खाली ग्रॅम. बाटलीवर डब्ल्यू/डब्ल्यू (वेट/वेट, म्हणजे वजनाला वजन) लिहिलेलं असतं ते हेच.

उत्तर थोडंसं जास्त येतंय

ही सगळ्यात जास्त दिसणारी केस. गणित असं असतं की १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवलं, टक्केवारी काढा. उत्तर लिहिलं जातं २० टक्के आणि पुस्तकात असतं १६.६७ टक्के. भागून बघा, २० ÷ १६.६७ = १.२. आता द्रावणाचं वस्तुमान १२० ग्रॅम आणि पाण्याचं १०० ग्रॅम, १२० ÷ १०० पण १.२ च. म्हणजे छेदात द्रावण घ्यायच्या ऐवजी नुसतं पाणी घेतलं गेलं. तुमचं गुणोत्तर जर 'एकूण द्रावण भागिले पाणी' एवढंच आलं तर दुसरं काही शोधत बसू नका, चूक हीच आहे.

ही चूक इतकी चिवट का आहे ते पण समजून घ्या. सुरुवातीची उदाहरणं बहुतेक विरल, म्हणजे कमी द्राव्य असलेल्या द्रावणांची असतात. १०० ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम मीठ घातलं तर चुकीच्या पद्धतीने १ टक्का येतो आणि बरोबर पद्धतीने ०.९९ टक्के, फरक दिसतच नाही, राउंड केल्यावर तर दोन्ही सारखंच. मग पद्धत बरोबर आहे असं डोक्यात बसतं आणि पुढे आकडे मोठे झाले की घोळ होतो. ५ ग्रॅमला खरं उत्तर ४.७६, ५० ग्रॅमला ३३.३३, आणि साखरेसारखा पदार्थ असेल, जो २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम विरघळतो, तर चुकीच्या पद्धतीने थेट २०० टक्के येतात आणि खरं उत्तर ६६.७. टक्केवारी शंभरच्या वर गेली म्हणजे छेद चुकला, एककं चुकली किंवा टाइप करताना घोळ झाला, दुसरी शक्यता जवळपास नाहीच, कारण द्राव्य हा द्रावणाचाच भाग आहे आणि भाग हा पूर्णापेक्षा मोठा होऊच शकत नाही.

यावर माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, सूत्रात आकडे टाकायच्या आधी कागदावर दोन ओळी लिहा: 'भांड्यात शेवटी काय काय आहे' आणि 'त्या सगळ्याचं मिळून वजन किती'. गणितात दिलेले आकडे हे तुम्ही भांड्यात काय घातलं ते सांगतात, सूत्राला मात्र शेवटी भांड्यात काय उरलं ते हवं असतं. साध्या मिठाच्या गणितात या दोन्हीत फरक नसतो म्हणून ही सवय लागत नाही. पुढचे जवळपास सगळे घोळ या फरकातूनच येतात.

आणि प्रश्नाची भाषा नीट वाचा. '१०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम' आणि '१०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम' ही दोन वेगळी गणितं आहेत, दुसऱ्यात पाणी ८० ग्रॅमच आहे आणि उत्तर सरळ २० टक्के. काही जणांना पहिली चूक एकदा कळली की ते सगळीकडेच बेरीज करायला लागतात आणि मग दुसऱ्या प्रकारात १२० ने भागतात. तिथे गुणोत्तर एकपेक्षा कमी येतं, ०.८३. तर उलटी चूकही तपासा.

उत्तर भलतंच येतंय, २०००.२ वगैरे

हे उत्तर आलं असेल तर कंस राहिलाय. २० ÷ १०० + २० × १०० असं एका दमात टाइप केलं की कॅल्क्युलेटर आधी भागाकार आणि गुणाकार करतो, मग बेरीज, म्हणजे ०.२ + २००० = २०००.२. २५ ग्रॅमला २५००.२५ येईल. बेरीज आधी वेगळी करून घ्या किंवा २० ÷ (१०० + २०) × १०० असं टाका, विषय संपला.

गुणोत्तर बरोबर १०० आलं तर बहुतेक स्प्रेडशीटमध्ये करताय आणि फॉर्म्युल्यात × १०० पण आहे आणि सेलचा फॉरमॅटही टक्केवारीचा आहे, म्हणजे शंभरने दोनदा गुणलं गेलं, १६.६७ च्या जागी १६६७ टक्के दिसतात. दोन्हीपैकी एक काढा. ०.०१ आलं तर १०० ने गुणायचंच राहिलंय. १००० किंवा ०.००१ आलं तर एक वस्तुमान ग्रॅममध्ये आणि दुसरं किलो किंवा मिलिग्रॅममध्ये आहे. पीपीएमचं (दहा लाख भागांत किती भाग) गणित असेल तर लक्षात ठेवा, १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, तिथे लोक हमखास एक शून्य जास्त नाहीतर कमी लिहितात आणि गुणोत्तर १० येतं.

गुणोत्तर १.२, १.१८, १.८४ असं काहीतरी आणि गणितात मिलिलिटर आहे

गणितात घनता दिलेली असेल आणि तुमचं गुणोत्तर बरोबर त्या घनतेएवढं किंवा १ भागिले घनता एवढं आलं तर मि.ली. ला ग्रॅम धरलंय. उदाहरण घ्या, ५०० मि.ली. द्रावण, घनता १.२ ग्रॅम प्रति मि.ली., त्यात ६० ग्रॅम द्राव्य. सरळ ६० ÷ ५०० केलं की १२ टक्के. पण ५०० मि.ली. द्रावणाचं वजन ५०० × १.२ = ६०० ग्रॅम, म्हणून खरं उत्तर १० टक्के. १२ ÷ १० = १.२, घनता समोर उभी.

पाण्याची घनता १ च्या अगदी जवळ असते म्हणून १०० मि.ली. पाणी म्हणजे १०० ग्रॅम हे चालून जातं आणि तीच सवय मग द्रावणाला लागते. चालतं ते फक्त पाण्याला, आणि फार तर खूप विरल द्रावणाला. सलाइनचं ०.९ टक्के घ्या, ते खरं तर १०० मि.ली. मध्ये ०.९ ग्रॅम असं आहे, म्हणजे वस्तुमान प्रति आकारमान, डब्ल्यू/व्ही. ते द्रावण इतकं विरल आहे की वस्तुमानी टक्केवारी काढली तरी जवळपास तेवढीच येते. पण संहत, म्हणजे पाणी कमी असलेलं, सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के आणि घनता १.८४. त्याचे १०० मि.ली. म्हणजे १८४ ग्रॅम आणि त्यातलं शुद्ध आम्ल १८०.३ ग्रॅम. इथे कोणी १०० मि.ली. मध्ये ९८ ग्रॅम आम्ल धरलं तर जवळजवळ अर्ध्याची चूक होते, गुणोत्तर ०.५४ येतं आणि ते म्हणजे १ ÷ १.८४.

यातच अजून एक फसवं प्रकरण आहे, दोन द्रव मिसळण्याचं. ५० मि.ली. इथेनॉल आणि ५० मि.ली. पाणी मिसळलं तर वस्तुमानी टक्केवारी ५० नाही. इथेनॉलची घनता २० अंशाला ०.७८९, म्हणजे ५० मि.ली. चं वजन ३९.४५ ग्रॅम, पाणी साधारण ५० ग्रॅम, एकूण ८९.४५, आणि टक्केवारी सुमारे ४४. शिवाय मिश्रणाचं आकारमान १०० मि.ली. भरत नाही, साधारण ९६-९७ मि.ली. च्या आसपास भरतं, कारण पाण्याचे आणि अल्कोहोलचे रेणू एकत्र आले की आधीपेक्षा दाट बसतात. आकारमानांची बेरीज करायची नसते, वजनांची करायची असते, वजन कुठे जात नाही. वस्तुमानी टक्केवारी वापरण्याचं कारणच हे आहे, तापमान बदललं की द्रावण फुगतं किंवा आकसतं, मोलॅरिटी (एक लिटर द्रावणामागे द्राव्याचं प्रमाण) बदलते, डब्ल्यू/व्ही बदलतं, पण ग्रॅमला ग्रॅमने भागून आलेला आकडा तसाच राहतो.

म्हणून मि.ली. दिसलं की पहिल्यांदा ते कशाचं आहे ते बघा, द्राव्याचं, द्रावकाचं का द्रावणाचं, आणि घनता कशाची दिलीय तेही बघा. द्रावणाची घनता पाण्याच्या आकारमानाला लावली तर उत्तर असं काही चुकतं की गुणोत्तरावरूनही पटकन कळत नाही.

गुणोत्तर १.५६, २.०५ किंवा २.७

आता स्फटिकजल, म्हणजे स्फटिकातच अडकलेलं पाणी. या प्रकाराला मी जास्त वेळ देणार आहे कारण इथे लोकांना आपलं काय चुकलं हे सांगूनही पटत नाही. मोरचूद म्हणजे निळे स्फटिक, त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात. सगळ्याचं मिळून रेणुवस्तुमान २४९.७ आणि त्यातलं कॉपर सल्फेट फक्त १५९.६. म्हणजे १०० ग्रॅम मोरचूद मोजलं तर त्यात कॉपर सल्फेट ६३.९ ग्रॅम आणि उरलेलं ३६.१ ग्रॅम पाणी. स्फटिक कोरडे दिसतात, हाताला ओल लागत नाही, तरी एक तृतीयांशाहून जास्त वजन पाण्याचं आहे, आणि विरघळल्यावर ते पाणी बाकीच्या पाण्यातच मिसळतं.

तर २५ ग्रॅम मोरचूद ७५ ग्रॅम पाण्यात घातलं, कॉपर सल्फेटची टक्केवारी किती? २५ नाही. द्राव्य २५ × ०.६३९ = १५.९८ ग्रॅम, द्रावण १०० ग्रॅम, टक्केवारी १५.९८. आणि २५ ÷ १५.९८ = १.५६, जे २४९.७ ÷ १५९.६ आहे. एप्सम सॉल्ट असेल, म्हणजे सात रेणू पाणीवालं मॅग्नेशिअम सल्फेट, तर २.०५ येतं. धुण्याच्या सोड्याचे दहा रेणू पाणीवाले स्फटिक असतील तर २.७. हे आकडे ओळखीचे झाले की नजर टाकली तरी कळतं. फक्त फोटोग्राफीतल्या हायपोचं, म्हणजे सोडिअम थायोसल्फेटच्या पाच रेणू पाणीवाल्या स्फटिकांचं गुणोत्तर १.५७ आहे, मोरचुदाच्या अगदी जवळ, तेव्हा गणितात पदार्थ कुठला आहे ते पण बघा.

इथे एक गोष्ट नीट बघा, छेद बदललेला नाही. स्फटिकातलं पाणी अंशातून जातं पण द्रावणाच्या वजनात ते आहेच, कारण ते भांड्यातच आहे. ते दोन्हीकडून वजा केलं तर १५.९८ ÷ ९०.९८ होऊन १७.६ टक्के येतं, तेही चूक.

उलटं गणित आलं की अजून गोंधळ होतो. १० टक्क्यांचं २०० ग्रॅम कॉपर सल्फेट द्रावण मोरचुदापासून करायचंय. लागणारं कॉपर सल्फेट २० ग्रॅम, त्यासाठी मोरचूद २० × २४९.७ ÷ १५९.६ = ३१.३ ग्रॅम. इथपर्यंत बरेच जण बरोबर येतात आणि मग १८० ग्रॅम पाणी घालतात कारण डोक्यात २०० − २० बसलेलं असतं. पण भांड्यात ३१.३ ग्रॅम आधीच गेलंय, पाणी हवं २०० − ३१.३ = १६८.७ ग्रॅम. १८० घातलं तर द्रावण २११.३ ग्रॅम होतं आणि टक्केवारी ९.४७ वर येते. परत तेच, भांड्यात शेवटी काय आहे त्याचं वजन करा.

पदार्थ पाण्यात गेला पण तो तसा राहिलाच नाही

६.२ ग्रॅम सोडिअम ऑक्साइड ९३.८ ग्रॅम पाण्यात टाकलं. एकूण १०० ग्रॅम, म्हणून ६.२ टक्के? सोडिअम ऑक्साइड पाण्यात सोडिअम ऑक्साइड म्हणून राहत नाही, पाण्याशी अभिक्रिया होऊन सोडिअम हायड्रॉक्साइड होतं. १ मोल म्हणजे रेणुवस्तुमानाएवढे ग्रॅम, तेव्हा ६.२ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, त्यापासून हायड्रॉक्साइड ०.२ मोल, म्हणजे ८ ग्रॅम. द्रावण १०० ग्रॅमच, टक्केवारी ८. सोडिअम धातूच टाकला असेल तर अजून एक पायरी, वायू निघून जातो. २.३ ग्रॅम सोडिअम आणि ९७.८ ग्रॅम पाणी, एकूण १००.१, पण ०.१ ग्रॅम हायड्रोजन उडून गेला, उरलं बरोबर १०० ग्रॅम आणि त्यात ४ ग्रॅम हायड्रॉक्साइड, म्हणून ४ टक्के. (गणितापुरतं ठीक आहे, सोडिअम प्रत्यक्षात पाण्यात टाकू नका, हायड्रोजन पेट घेतो.)

साका, म्हणजे न विरघळता तळाला बसणारा पदार्थ, बसत असेल तर तोही द्रावणातून वजा. समजा १०० ग्रॅम द्रावणात २०.८ ग्रॅम बेरिअम क्लोराइड आहे आणि दुसऱ्या १०० ग्रॅम द्रावणात १४.२ ग्रॅम सोडिअम सल्फेट, दोन्ही एकत्र केली. २३.३ ग्रॅम बेरिअम सल्फेट तळाला बसतं आणि द्रावणात ११.७ ग्रॅम सोडिअम क्लोराइड राहतं. छेद २०० नाही, २०० − २३.३ = १७६.७. उत्तर ६.६२ टक्के, २०० ने भागलं तर ५.८५. बोर्डाच्या परीक्षेच्या पुढची जी स्पर्धा परीक्षांची गणितं असतात त्यात 'शेवटी मिळालेल्या द्रावणाची टक्केवारी' हे शब्द आले की वायू गेला का, साका बसला का, हे दोन प्रश्न आधी विचारा.

आणि सगळं विरघळलंच नाही अशीही केस असते. २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशिअम नायट्रेट सुमारे ३१.६ ग्रॅमच विरघळतं. तुम्ही ६० ग्रॅम घातलं तर ६० ÷ १६० = ३७.५ टक्के असं लिहू शकत नाही, २८.४ ग्रॅम तळाला पडून आहे. द्रावण १३१.६ ग्रॅमचं आणि २४ टक्के. हेच ६० अंशाला केलं तर सगळं विरघळेल आणि ३७.५ बरोबर ठरेल. साध्या मिठाचं बघायचं तर २५ अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम, म्हणजे टक्केवारी साधारण २६.५ च्या वर जातच नाही. कुणी ४० टक्के मिठाचं पाणी करायला सांगितलं तर गणित सोडवायची गरजच नाही, ते होणार नाही.

विद्राव्यतेचा तक्ता वाचताना पण सांभाळा, तिथे आकडे बहुतेक वेळा १०० ग्रॅम पाण्यामागे असतात, १०० ग्रॅम द्रावणामागे नाही, तेव्हा तक्त्यातला आकडा थेट टक्केवारी म्हणून उचलला की पहिलीच चूक परत होते.

दोन द्रावणं मिसळली, पाणी घातलं, पाणी आटवलं

तुमचं उत्तर दोन टक्केवाऱ्यांच्या बरोबर मध्ये येत असेल तर तुम्ही नुसती सरासरी काढलीय. १० टक्क्यांचं १०० ग्रॅम आणि ३० टक्क्यांचं ३०० ग्रॅम मिसळलं, २० टक्के नाही. द्राव्य १० + ९० = १०० ग्रॅम, द्रावण ४०० ग्रॅम, उत्तर २५ टक्के. सरासरी फक्त दोन्ही द्रावणांचं वजन सारखं असेल तेव्हाच चालते. उत्तर नेहमी जास्त वजनाच्या द्रावणाकडे झुकलेलं असतं, आणि दोन टक्केवाऱ्यांच्या बाहेर तर कधीच जात नाही, बाहेर गेलं तर तिथेच थांबा.

पाणी घातलं किंवा आटवलं की द्राव्य तेवढंच राहतं, छेद बदलतो. १० टक्क्यांच्या २०० ग्रॅम द्रावणातून ५० ग्रॅम पाणी आटवलं, २० ÷ १५० = १३.३३. हे सहसा जमतं.

अडतं ते द्राव्य वाढवायच्या गणितात. १० टक्क्यांच्या २०० ग्रॅम द्रावणात किती मीठ अजून घातलं म्हणजे २० टक्के होईल? पटकन येणारं उत्तर २० ग्रॅम, कारण आधी २० होतं आता ४० हवं. पण मीठ घातलं की छेदही वाढतो, ४० ÷ २२० = १८.१८ च येतं. समीकरण मांडता येईलच, पण मला त्यापेक्षा दुसरा रस्ता सोपा वाटतो, जे बदलत नाही ते पकडा. इथे पाणी बदलत नाही, ते १८० ग्रॅम आहे. नवीन द्रावणात पाणी ८० टक्के असणार, म्हणून एकूण द्रावण १८० ÷ ०.८ = २२५ ग्रॅम, मीठ घालायचं २५ ग्रॅम. ताळा, ४५ ÷ २२५ = २० टक्के.

हीच युक्ती '१९० ग्रॅम पाण्यात किती मीठ घालू म्हणजे ५ टक्के होईल' याला पण लागते. १९० चे ५ टक्के काढून ९.५ लिहिलं जातं आणि प्रत्यक्षात ते ४.७६ टक्केच होतं. पाणी ९५ टक्के आहे, म्हणजे १ टक्का २ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम.

लॅबमध्ये द्रावण केलं आणि मोजल्यावर टक्केवारी जुळत नाही

इथे पुस्तकातलं उत्तर नसतं पण तीच तपासणी चालते. बाटलीवर ३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल लिहिलंय आणि १०० ग्रॅम १० टक्क्यांचं हवंय. आम्ल १० ग्रॅम घेतलं तर त्यात खरं आम्ल ३.७ ग्रॅमच आहे. लागतं १० ÷ ०.३७ = २७ ग्रॅम, घनता १.१८ धरली तर साधारण २२.९ मि.ली., आणि पाणी ७३ ग्रॅम. आम्ल पाण्यात हळूहळू घाला, उलटं नाही, आणि फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) करा, वाफा नाकात जातात. घनता बाटलीच्या लेबलवर असेल ती घ्या.

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरून द्रावण केलंत तर ते वस्तुमानी टक्केवारीचं झालंच नाही, ते डब्ल्यू/व्ही झालं, कितीही काळजीने केलं तरी. वस्तुमानी टक्केवारीसाठी बीकर तराजूवर ठेवायचा, टेअर करायचं (आकडा शून्यावर आणायचा), द्राव्य मोजायचं आणि मग पाणीही तराजूवरच मोजून घालायचं.

पदार्थ किती शुद्ध आहे तेही बघा. कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पटापट ओढून घेतात, डबा उघडा राहिला असेल तर तुम्ही २० ग्रॅम म्हणून जे मोजलं त्यात हायड्रॉक्साइड कमी असतं आणि टक्केवारी कमी भरते. गरम करून विरघळवलं असेल तर पाण्याची वाफ गेली आणि टक्केवारी वाढली, म्हणून थंड झाल्यावर परत वजन करा आणि गेलं तेवढं पाणी भरून काढा. आणि तराजू ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर त्यावर ०.५ ग्रॅम मोजू नका, आकड्यात एका अंकाचा फरक पडला तरी २० टक्क्यांची चूक होते. तेव्हा जास्त द्रावण करा किंवा आधी संहत द्रावण करून ते विरल करा.

टक्केवारीवरून मोलॅलिटी किंवा मोलॅरिटी काढताना

इथे चूक उलटी होते. मोलॅलिटी म्हणजे एक किलो द्रावकामागे किती मोल द्राव्य, तिला छेदात द्रावक लागतो आणि आता छेदात द्रावण घ्यायची सवय लागलेली असते. १० टक्के सोडिअम हायड्रॉक्साइड, १०० ग्रॅम द्रावण धरा, हायड्रॉक्साइड १० ग्रॅम म्हणजे ०.२५ मोल, पाणी ९० ग्रॅम म्हणजे ०.०९ किलो. ०.२५ ÷ ०.०९ = २.७८. उत्तर २.५ येत असेल तर १०० ग्रॅमने, म्हणजे ०.१ किलोने भागलंय, गुणोत्तर ०.९, म्हणजे पाण्याचा वाटा. मोलॅरिटीला मात्र घनता लागतेच, तिच्याशिवाय निघत नाही: १० × टक्केवारी × घनता ÷ रेणुवस्तुमान. वरचं ३७ टक्क्यांचं आम्ल यात टाका, १० × ३७ × १.१८ ÷ ३६.४६, जवळजवळ १२ येतं, आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ मोलर असतं हे ठाऊक असेल तर ताळा तिथल्या तिथे जमतो.

गुणोत्तर यातल्या कशाशीच जुळत नसेल

मग बहुतेक दोन चुका एकत्र झाल्यात आणि त्यांचा गुणाकार दिसतोय. मोरचुदाच्या गणितात स्फटिकजल विसरलं आणि छेदात नुसतं पाणीही घेतलं, तर २५ ÷ ७५ = ३३.३३, खरं उत्तर १५.९८, गुणोत्तर २.०९. हे एप्सम सॉल्टच्या २.०५ सारखं दिसतं पण पदार्थ वेगळा आहे. १.५६ ने भागलं की १.३३ उरतं आणि ते १०० ÷ ७५ आहे. असं एकेक ओळखीचा आकडा भागून काढत जायचं.

गुणोत्तर १.००२ वगैरे आलं तर ते राउंडिंग आहे, मधल्या पायऱ्यांत आकडे तोडू नका, शेवटी एकदाच तोडा. क्लोरीनचं अणुवस्तुमान कुणी ३५.५ घेतं कुणी ३५.४५, त्यानेही एवढा फरक पडतो, ती चूक नाही.

आणि पुस्तकातलं उत्तरही चुकीचं असू शकतं, छपाईत आकडा इकडचा तिकडे होतो. शंका असेल तर उलटं जा, पुस्तकातली टक्केवारी घ्या, तिने द्रावणाच्या वजनाला गुणा आणि १०० ने भागा, द्राव्य किती येतं ते बघा. प्रश्नात दिलेलं द्राव्य परत मिळालं तर पुस्तक बरोबर. नाही मिळालं तर तुमच्या उत्तराने हेच करून बघा, आणि त्याने बरोबर आकडा परत आला, 'भांड्यात शेवटी काय आहे आणि त्याचं वजन किती' या दोन ओळीही लिहून झाल्या असतील, तर तुमचं उत्तर ठेवा आणि पुढच्या गणिताला लागा.